पालखी नटीच्या दारात थांबत नाही

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. अक्षरही वेडंवाकडं येतं, ओळ खाली घसरत जाते. शाळा चौथीपर्यंत झाली आणि त्यानंतर हातात पेन धरलं ते फक्त सही करायला. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करावं. घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहिलं आहे.

शिमग्याचे दिवस होते, देवीची पालखी घरोघर फिरत होती. दुपार. सकाळीच मी अंगण सारवून घेतलं होतं. वाळल्यावर आत्यानं खडू मागितला. तिचे गुडघे दुखायचे, तरी स्वतः खाली बसली आणि सारवणावर दोन फुल्या काढल्या. म्हणाली, "इथं पालखी टेकेल. इथं मी उभी राहीन. ऊन पाठीवर हवं, डोळ्यांवर नको." ही तिची जुन्या कामातली सवय. पिक्चरच्या कंपनीत जमिनीवर अशी खूण करतात. नटीनं चालत यायचं आणि खाली न बघता बरोबर त्या खुणेवर थांबायचं.

ढोल जवळ आला. माझ्या हातात तबक होतं. निरांजन लावलेलं होतं. आत्या मागे तिच्या फुलीवर उभी होती, हिरवं लुगडं नेसून, हातात सूप. सुपात देवीच्या ओटीचा खण, नारळ, तांदूळ.

शेजारच्या अंगणातून पालखी उठली. आमच्या कवाडाशी आली. पुढे तात्या होता. तो गावकीचा मुख्य मानकरी, पालखी कुठं थांबायची ते तोच सांगतो. त्यानं माझ्याकडे बघितलं, तबकाकडे बघितलं, मागे आत्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाला,

"ह्या घराला थांबायचं नाय. चला रे पुढं."

पालखी धरणारे क्षणभर घुटमळले. पालखी हलली. मागून एक पोरगा ओरडला, "थांबा की वाईच! हिरोईन नाचून दाखवंल पालखीम्होरं!"

सगळे हसले. पुरुष हसले, बायका पदरात हसल्या. मुंबईहून आलेले चाकरमानी हसले. ढोल पुन्हा सुरू झाला. पालखी पुढच्या घराला गेली. शेवटून चाललेली एक बाई मला म्हणाली, "घरात घे गो ते तबक. वाऱ्यानं इझंल."

ती चांगल्या मनानं म्हणाली असेल.

मी तशीच उभी. तबक कललं होतं आणि गरम तेल माझ्या अंगठ्यावर येत होतं. मला ते दिसत होतं. लागत नव्हतं. ढोल ऐकू येईनासा झाला तोवर आत्या तिच्या फुलीवरून हलली नाही. मग विचारलं, "गेली?"

मी म्हटलं, "गेली."

तिनं सूप जोत्यावर ठेवलं आणि आत जाऊन झोपली. ती रडली नाही. मीही नाही.

आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. उमरठच्या वाटेला लागलं की उजव्या अंगाला. नाव लिहीत नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. घरात तिला चंद्री म्हणत. पडद्यावरचं नाव वेगळं होतं, कंपनीच्या मालकानं ठेवलेलं. तेही लिहीत नाही. का ते शेवटी कळेल.

माझे आजोबा मुंबईला एका स्टुडिओच्या फाटकावर राखणदार होते. आजी लवकर वारली म्हणून त्यांनी मुलीला जवळ नेलं; माझे वडील लहान, ते गावी चुलत्यांकडे राहिले. फाटकाशेजारी खोली होती. एक दिवस आत पिक्चरमधली मुलगी काही केल्या रडेना. मालक वैतागून बाहेर आला. फाटकाशी चंद्री खेळत होती. त्यानं विचारलं, "तुला रडता येतं का गं?" ती म्हणाली, "कुणासाठी?" मालकाला ते उत्तर आवडलं. तिला आत नेलं. तिला सांगितलं की तुझी आई वारली आहे असं समज. आत्या मला हे सांगायची तेव्हा म्हणायची, "समजायचं काय त्यात. वारलीच होती."

अशी तिची सुरुवात झाली. पुढं मोठी झाली, नायिका झाली. काळे-पांढरे पिक्चर होते तेव्हाची गोष्ट. महाडला तंबूत तिचे पिक्चर लागायचे आणि आमच्या खोऱ्यातले लोक बैलगाड्या जोडून जायचे. आमच्या घरातलं कुणी जायचं नाही.

कारण गावकी बसली होती. मुलीला तोंड रंगवून परक्या पुरुषांत उभी केली म्हणून आमचं घर वाळीत टाकलं. पाणवठा बंद. गिरणी बंद. मयताला कुणी नाही, लग्नाला कुणी नाही. आजोबा नोकरी सोडून गावी आले, दंड भरला, आणि देवीपुढं नारळ ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "ही मुलगी माझी नाही." मग घर परत गावकीत घेतलं. गावजेवणात घरटी पानं मोजतात. आमच्या घरचं एक पान कमी केलं. तिचं पान उचललं असं म्हणतात त्याला.

ती मात्र दर महिन्याला मनिऑर्डर करत राहिली. आजोबा सही करून घेत राहिले. आमच्या घरावर पेंढा होता, तिथं मंगलोरी कौलं आली. वडील पोलादपूरला शिकले. कौलं घेतली. मुलगी नाही घेतली.

तरी गावात आमच्या घराचं नाव पडलं ते पडलंच. नटीचं घर. मी चौथीत होते तेव्हा गुरुजींनी मला कविता म्हणायला उभं केलं. मला ती पाठ होती. मी म्हटली. गुरुजी म्हणाले, "छान. हिला गॅदरिंगला नाटकात घ्या." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ती नाचंल पण, गुर्जी. नटीच्या घरातली हाय." वर्ग हसला. गुरुजीही हसले. घरी कळलं तसं वडिलांनी पाटी काढून घेतली. "ह्या घरात एक झाली तेवढी पुरे." दुसऱ्या दिवसापासून मी गुरांमागे.

तेव्हापासून माझा आवाज बसला. घसा चांगला होता. पण वाक्य सुरू केलं की शेवटचा शब्द गिळायचा. लग्न तुडीलला झालं. तिकडं सासू म्हणायची, "काय पुटपुटते, स्पष्ट बोल की गो." मी आणखी गप्प व्हायची. नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. मी परत आले, त्याच कौलांखाली. आई-वडीलही पुढं गेले. भाऊ मुंबईला. त्याला मी दादा म्हणते.

आता फोटोची गोष्ट सांगते.

मी सहा-सात वर्षांची असेन. वडिलांबरोबर तात्याच्या घरी कामाला गेले होते. त्यांचं घर गावातलं मोठं, देवघर वेगळं. तिथं काचेच्या चौकटीत देवीचं चित्र होतं. कॅलेंडरचं कापून लावलेलं. चार हात, मोठी नथ, कपाळभर कुंकू. तात्याची आई रोज त्याला फूल वाहायची. मी बघत राहिले कारण देवी माझ्या वडिलांसारखी दिसत होती. तसेच डोळे. तशीच हनुवटी. वाटेत मी वडिलांना सांगितलं. त्यांनी मागेपुढे कुणी आहे का बघितलं. मग म्हणाले, "ती तुझी आत्या हाय. पिक्चरमधे देवी झालेली. कुठं बोलायचं नाय."

मी बोलले नाही. मोठी झाले तरी बोलले नाही.

कोकण रेल्वे सुरू झाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या आली. मुंबईतली तिची भाड्याची खोली गेली होती. दादानं कळवलं, "तिला दुसरं कोणी नाय. घर तिच्याच पैशांचं हाय. ठेवून घे." मी वीर स्टेशनला गेले. गाडीतून एक उंच म्हातारी उतरली, एक ट्रंक घेऊन. मला बघून म्हणाली, "तू बाबूची मुलगी. हनुवटीवरून ओळखलं." रिक्षानं महाडला आलो, तिथून एसटी. पोलादपूरवरून पायी चढताना गावाची वेस आली तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. इतका सहज, जसा काही जन्मभर गावात घेत आली. तो पदर तिनं पिक्चरमधे कितीदा तरी घेतला होता. गावात पहिल्यांदाच घेतला.

ती दिवसभर बोलायची. मी ऐकायची. ती बोलायची शहरातलं, पण चिडली की आमच्यासारखं. मी विचारलं, देवीचे चार हात कसे केले? म्हणाली, "दोन माझे. दोन लाकडाचे. पाठीला पट्ट्यानं आवळून बांधलेले. दिवसभर श्वास घेता यायचा नाही. लोकांना वाटायचं देवी किती शांत आहे." आणि हसली. तो पिक्चर लागला तेव्हा लोक तंबूबाहेर चपला काढून आत जायचे. पडद्यापुढं नारळ फोडायचे. "आणि बाहेर माझी गाडी दिसली की काचेवर थुंकायचे," ती म्हणाली. "तेच लोक. त्याच संध्याकाळी."

मग रंगीत पिक्चर आले. नवीन मुली आल्या. "हिरो तोच राहिला गं. मी आधी त्याची बायको होते. मग वहिनी झाले. मग आई. तो मात्र पंचविसाचाच." एक गृहस्थ होते तिच्या आयुष्यात. त्यांना घरी बायको होती. ते वारले तेव्हा तिला फुलं घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं लागलं. कंपनी बुडाली, राहिलेले पैसे बुडाले. दोन पाटल्या तेवढ्या हातात राहिल्या होत्या. हे सगळं ती असं सांगायची जसं दुसऱ्या कुणाचं.

मला म्हणायची, "तू शेवटचा शब्द गिळतेस. का गिळतेस? ओरडायचं नाही. श्वास पोटातून घ्यायचा, तो वाक्य संपेपर्यंत पुरवायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे की ही माझ्याशीच बोलते आहे." मी भाकऱ्या थापताना ती चुलीपुढं बसून मला वाक्य म्हणायला लावायची. 'पाणी तापलं आहे.' 'गाय वासराला पाजते आहे.' मी म्हणायची. मला लाज वाटायची. पण म्हणायची.

तिची एकच इच्छा होती. देवीची पालखी दारात यावी आणि आपल्या हातानं तिची ओटी भरावी. एकदा. लहानपणी तिनं आईच्या कडेवरून ते पाहिलं होतं. ती म्हणायची, "मी देवी झाले. तिची ओटी मात्र कधी भरली नाही."

ती घरात राहायला आली त्या वर्षापासून पालखी आमच्या घराला थांबायची बंद झाली होती. मी तात्याकडे गेले. कवाडाशी उभी राहून कसंबसं विचारलं. तात्या म्हणाला, "देवळाच्या मांडवाचं छप्पर करायचंय. तुझ्या आत्याकडं पैसा असंल पिक्चरचा. देवीला दे म्हणावं. मग बघू."

आत्यानं महाडला सोनाराकडे पाटल्या मोडल्या. वीस हजार आले. सगळे दिले. माझ्या हातानं तात्याच्या हातात दिले. त्यानं पालखीच्या आदल्या महिन्यात मांडवावर पत्रा चढवला. आत्यानं खडू मागितला. पुढचं वर लिहिलं आहे.

पालखी गेल्यावर दोन दिवसांनी मी तात्याच्या घरी गेले. तो पडवीत सुपारी कातरत होता. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही म्हणाला होता..." आणि पुढचं गिळलं.

तो म्हणाला, "काय म्हनालो होतो? बघू म्हनालो होतो. बघितलं. पैसे तिनं देवीला दिले, गावकीला नाय. देवी सगळ्यांचं घेते. गावकीला रीत बघावी लागते."

आतून त्याच्या आईनं हाक मारली. "कोण हाय गो? आत ये."

म्हातारी आत्याच्याच वयाची. दोघी लहानपणी एकत्र गुरं राखायच्या, हे आत्यानं मला सांगितलं होतं. ती देवघरापुढं बसून वाती वळत होती. समोर तो फोटो. चार हात, नथ. ताजं जास्वंद वाहिलेलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. "काकी, ही माझी आत्या आहे."

मला वाटलं होतं ती दचकेल. निदान वात हातातून पडेल. तिनं वात वळली, ताटलीत ठेवली, दुसरा कापूस घेतला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"फोटू घरात आला तवापासून. चंद्रीला मी वळखनार नाय व्हय? एका झऱ्याचं पानी पिलोय."

"आणि तात्यांना?"

"त्यालाबी ठावं हाय. त्याच्या बापालाबी ठावं होतं. तोच घेऊन आला होता फोटू महाडवरनं."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मायाच होती म्हणा. ती समजावल्यासारखी म्हणाली, "फोटूतली चालते गो. फोटूतली पंगतीला बसत नाय."

मी घरी आले ते मला आठवत नाही. वाटेत कोण भेटलं, काय विचारलं, काही आठवत नाही. इतकं आठवतं की मला इतकी वर्षं वाटत होतं यांना माहीत नाही. माहीत झालं तर यांना लाज वाटेल. म्हणून मी ती गोष्ट जपून ठेवली होती, जसं काही घरात पुरून ठेवलेलं सोनं. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत असून त्यांनी तिला फुलं वाहिली, आणि सगळं माहीत असून पालखी पुढं नेली. त्यात त्यांना काही अडचण नव्हती. अडचण फक्त तिनं जिवंत असण्याची होती.

अंगणात त्या दोन फुल्या अजून होत्या. मी शेण कालवलं आणि त्या सारवून टाकल्या.

गावकीची बैठक रविवारी सकाळी असते, देवळाच्या मांडवात. बायका जात नाहीत. बायकांना बोलावलं तर त्या पायरीखाली उभ्या राहतात. मी पायरी चढले. वर नवा पत्रा चमकत होता. पुरुषांनी माना वळवल्या.

तात्या म्हणाला, "काय गो? वाट चुकलीस?"

कुणीतरी म्हणालं, "ऑडिशन द्याया आली असंल."

हसले. मी हसणं संपेपर्यंत थांबले. आत्या म्हणायची, लोक हसत असताना बोलायचं नाही, वाक्य वाया जातं. पोटातून श्वास घेतला. शेवटच्या ओळीत एक म्हातारा खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडे बघून बोलले.

"माझ्या आत्यानं ह्या पत्र्याला वीस हजार दिले. तिचं पान तुमच्यात नाही. ज्याचं पान नाही त्याचे पैसे पण नकोत. पालखी आमच्या दारात येणार असेल तर ठेवा. येणार नसेल तर परत करा."

शेवटचा शब्द गिळला नाही. मला स्वतःलाच तो ऐकू आला. परत करा.

तात्या म्हणाला, "देवीला दिलेलं मागं मागतेस?"

"देवीकडं मागत नाही. तुमच्याकडं मागते. देवी तुमच्या घरात चौकटीत आहे, ती कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिच्यापुढं सांगा, देत नाही म्हणून."

कुणी हसलं नाही. कुणी चकितही झालं नाही. काही जण खाली बघत होते. तेव्हा कळलं, तात्याच्या घरालाच नाही, बऱ्याच जणांना माहीत होतं.

मी म्हटलं, "नाहीतर मी पोलादपूरला मामलेदार कचेरीत जाईन. तिथं सगळं सांगेन."

तात्या उठून उभा राहिला. तोंड लाल झालं होतं. "गावकी भिकारी नाय. घरटी वर्गणी काढू आन् फेकू तुझ्या तोंडावर. पन ध्यानात ठेव, मग पालखीचं नाव काढायचं नाय. कधीच."

"नाही काढणार," मी म्हटलं.

घरी येऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. तिची इच्छा मी कायमची बुडवून आले होते. तिनं विचारलं, "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं?"

"गेलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बरं झालं ते कशाला म्हणाली, मी विचारलं नाही.

पोलादपूरच्या एसटीडीवरून दादाला फोन केला. तो ओरडला. "अगो, मला पोरींची लग्नं करायचीत! गावात सोयरीक कोण करंल? गप बसता येत नाय तुला?" मी म्हटलं, "आतापर्यंत गप्पच होते." त्यानं फोन ठेवला.

गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. मी पोलादपूरला डोक्यावरून नेलं. शेजारणीनं वाटी देणं-घेणं बंद केलं. जिनं मला तबक आत घे म्हटलं होतं, तीच शेजारीण. मला त्याचं काही वाटेनासं झालं. पैसे मात्र यायला लागले. तात्या सगळ्यांसमोर बोलून बसला होता, त्याला मागं फिरता येईना. भात विकला गेला की कोणीतरी पोरगं येऊन कवाडाशी थोडे पैसे ठेवून जायचं, दगडाखाली. हातात नाही. मी उचलून आणून आत्याच्या ट्रंकेत ठेवायची.

अर्धे आले होते तेव्हा आत्या गेली. सकाळचा चहा पिऊन झाला आणि कप खाली ठेवता ठेवता गेली. गावातून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला, चिडलेला असूनही आला, बरोबर कामावरचे दोघे जण. तिघे झाले. चौथा खांदा नव्हता. दादा म्हणाला, "थांबूया, कुणी तरी येईल." दुपार झाली. मग मी पदर खोचला आणि चौथा खांदा दिला. नदीपर्यंत. लोक दारात उभं राहून बघत होते. तात्याची म्हातारी आई कुंपणाशी उभी होती. तिनं हात जोडले. आत्याला जोडले की फोटोतल्या देवीला, ते तिलाच माहीत.

पुढं काही वर्षांनी एका रविवारी टीव्हीवर तो देवीचा पिक्चर लागला. तोवर गावात बऱ्याच घरी टीव्ही आले होते. महाडहून एक पेपरवाला चौकशी करत आला, ती तुमच्याच गावची ना? मग मुंबईहून कोणी जुन्या पिक्चरचे फोटो जमवणारे आले. तात्यानं त्यांना स्वतः गाव दाखवलं. ही आमच्या गावची लेक, असं म्हणाला. मी कवाडातून ऐकलं.

आठवड्याभरानं तो माझ्याकडे आला. बरोबर दोघे. आल्या आल्या पडवीत बसला. आमच्या पडवीत त्याच्या घरातलं कुणी बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणाला, "च्या ठेव गो वाईच."

मी ठेवला नाही. अंगणात उभी राहिले. जिथं आत्याची फुली होती साधारण तिथं.

तो म्हणाला, "झालं गेलं जाऊं दे. येशीवर कमान बांधायची हाय. वरनं निधी मिळतोय. तुझ्या आत्याचं नाव देऊया कमानीला. पिक्चरमधलं नाव. तिचा एखादा फोटू दे मोठा करायला, आन् घरचं मानूस म्हनून ह्या कागदावर सही कर."

"राहिलेले पैसे?" मी म्हटलं.

"ते कमानीलाच लाव की. देनगीदार म्हनून तुझंबी नाव घालू."

"राहिलेले पैसे, तात्या."

बरोबरचा एक जण हळूच म्हणाला, "दे रे, आणलेत ना." तात्यानं बंडीच्या खिशातून पुडकं काढलं. दगडाखाली नाही, माझ्या हातात दिलं. मी त्याच्यासमोर मोजलं. ट्रंक बाहेर आणून आधीचे त्यात मिळवले आणि पुन्हा मोजलं.

"भरले?" तो म्हणाला.

"भरले."

"मग कर सही."

"नाय करनार." मी त्याच्या बोलीत बोलले, म्हणजे त्याला नीट कळावं. "तिचं पान तुमच्यात नाय. माझ्या आजोबांकडनं देवीपुढं तुमीच वदवून घेतलंत. तेच मी पाळते. तिचं नाव कमानीला नाय, पाटीला नाय, कुठंच नाय. फोटो माझ्याकडं हायत ते मी देनार नाय."

"अगो, गावची लेक ती..."

"गावाला लेक नव्हती. फोटू होता. तो तुमच्या देवघरात हाय. त्याला पुजा."

तो उठला. कवाडाशी जाऊन वळला. शेवटचा उपाय म्हणून बोलला ते मला दिसत होतं. "बरं. ह्या शिमग्याला पालखी पयली तुझ्या दारात टेकवतो. सगळ्यांच्या आधी. मग तरी?"

एवढं ऐकायला आत्यानं पाटल्या मोडल्या होत्या.

मी म्हटलं, "टेकवू नका. टेकवलीत तरी मी बाहेर येनार नाय. ह्या अंगणात तबक निघनार नाय. मी हाय तोवर."

ते गेले. कागद पडवीत विसरून गेले, त्याचा मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला उपयोग केला. देवीशी माझं भांडण नाही. तिला चार हात असतील, एकानंही तिनं तेव्हा पालखी थांबवली नाही, एवढंच मला माहीत आहे. देवळाच्या त्या पत्र्यात आता आत्याचा एक रुपया नाही. त्यांचं माझ्याकडे काही राहिलं नाही. माझं त्यांच्याकडे जे राहिलं आहे ते पैशानं फिटणारं नाही आणि ते मी माफही केलेलं नाही.

पैसे तेवढे फिटले. पूर्ण.